गंज नव्हताच

"साहेब, पत्र्याला गंज धरलाय. डावीकडची दोन्ही दारं आणि डिकी रंगवावीच लागेल. बावीस हजारांत करून देतो."

असं म्हणून गॅरेजवाल्याने दारावरच्या एका ठिपक्यावर नख घासून दाखवलं. ठिपका हलला नाही. मोहरी फोडली तर तिचा कण जेवढा होईल तेवढाच तो, नारिंगी-तपकिरी. पण असे शेकडो होते. पांढऱ्या गाडीवर ते लांबून दिसत नाहीत. गुडघ्यावर बसून तिरकं पाहिलं की दाराला गोवर आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गॅरेजात विचारलं, तर तिथला म्हणाला, "रबिंग मारून देतो, म्हणजे खरखरीत पेस्टने रंग घासून देतो, सगळं निघेल, दीड हजार द्या." बावीस हजार आणि दीड हजार या दोन आकड्यांत एवढं अंतर होतं की दोघांपैकी एकालाही नेमकं कळलेलं नसावं, असं मला वाटायला लागलं.

आमची इमारत डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मध्ये, रुळांना खेटून आहे. लोकल गेली की कपाटातली स्टीलची भांडी वाजतात. नवीन पाहुणा दचकतो, आम्हाला मात्र मेगाब्लॉकच्या रविवारी चुकल्याचुकल्यासारखं होतं. गाडी सहा वर्षांची, पांढरी वॅगन-आर. उभी राहते ती कुंपणाला समांतर, डावी बाजू रुळांकडे आणि उजवी जिन्याच्या भिंतीकडे. ठिपके होते ते डाव्या बाजूला, डिकीवर आणि थोडे टपावर. उजवी बाजू जवळपास स्वच्छ. तळमजल्यावरच्या काकांनी पाहताक्षणी कारखान्यांवर खापर फोडलं. डोंबिवलीत ते कुणीही फोडेल. २०१४ साली इथे हिरवट पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला होता. पण कारखान्याची हवा गाडीची डावी-उजवी बाजू कशाला बघेल?

पुण्यात भाचा आहे, वाकडला गाड्यांचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने साफसफाई आणि पॉलिश करतो. त्याला फोटो पाठवले. पाचव्या मिनिटाला फोन.

"मामा, काही रंगवू नकोस. तुझ्या घरामागे ट्रेन जाते ना?"

"जाते की."

"मग तो गंज पत्र्याचा नाही, लोखंडाच्या कणांचा आहे. बाहेरून येऊन रुतलेत. गाडी धू, हाताला पातळ पिशवी घाल आणि दारावरून फिरव. मग बोलू."

चाकं रुळावर घासतात, वळणावर आणि ब्रेक लागताना जास्त. त्यातून लोखंडाचा बारीक भुगा उडतो. त्यातले काही कण तापलेले असतात. ते रंगावर बसतात आणि वरच्या थरात अडकतात. दमट हवेत, त्यातून आमच्या चार महिन्यांच्या पावसात, त्या कणाला गंज चढतो आणि गंज भोवती पाझरून नारिंगी डाग दिसतो. म्हणजे गंजत होता तो पाहुणा, घर नव्हे. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही असाच भुगा निघतो, म्हणून रुळांपासून लांब राहणाऱ्यांच्या गाडीवरही, विशेषतः चाकांच्या मागच्या भागात, हे कण सापडतात. काळ्या-निळ्या गाडीवर ते दिसत नाहीत एवढंच.

पिशवीचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ पिशव्या बंद, त्यामुळे घरात एक सापडेना. शेवटी लादीपावाचं वेष्टन हातावर चढवलं. धुतलेल्या, कोरड्या दारावरून बोटं अलगद फिरवली आणि अंगावर काटा आला. नुसत्या हाताला जे दार गुळगुळीत लागत होतं, ते पिशवीतून खरखरीत लागलं, किसणीच्या मागच्या बाजूसारखं. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यामुळे त्वचेची पकड जाते आणि बारीकसारीक उंचवटा बोटाला जास्त स्पष्ट कळतो. मग टप, बॉनेट, काच, सगळीकडे हात फिरवत सुटलो. उजवी बाजूही वाटली होती तेवढी साधी नव्हती. बायको गॅलरीतून बघत होती. "पाव आणलास तो गाडीला भरवायला का?"

भाच्याने सामान सांगितलं आणि मी ते ऑनलाइन मागवलं. लोखंड विरघळवणारा फवारा, डांबर काढायचा द्रव, गाडीचा शाम्पू, चार मायक्रोफायबर फडकी आणि शंभर ग्रॅमची क्ले बारची वडी, बारीक प्रतीची. रंगात रुतलेला, धुऊन न निघणारा मळ ही वडी घासून उपटते. वडी साडेचारशेला पडली. बारीक, मध्यम आणि कडक अशा प्रती मिळतात. कडक वडी झटपट काम करते पण रंगावर धूसर ओरखडे सोडते, ते मग मशीनने पॉलिश करून काढावे लागतात. ज्याच्याकडे मशीन नाही त्याने बारीकच घ्यावी आणि वेळ द्यावा, हे भाच्याचं मत. माझंही आता तेच आहे.

नावात क्ले असलं तरी ही माती नाही. शाडूशी तिचं काही नातं नाही. हे एक चिवट, मळता येणारं कृत्रिम राळेचं मिश्रण असतं आणि त्यात अतिशय बारीक घर्षककण मिसळलेले असतात. ही कल्पना जपानची. तादाओ कोदाते यांना तिच्यासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं. त्या पेटंटचं शीर्षक मराठीत आणायचं तर 'लवचीक घासदगड' म्हणावं लागेल. मला तेच नाव जास्त पटतं, कारण माती म्हटलं की माणूस गाफील राहतो. आपण हातात मऊ केलेला दगडच धरलेला असतो.

आणि तो कशावर घासायचा, तर बहुतेक गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागदही याहून जाड असतो. पहिल्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही, त्याने गंज पाहिला आणि गंज म्हटला. पण रबिंगचं ऐकलं असतं तर या कागदाहून पातळ थराचा काही भाग कायमचा गेला असता, आणि रुतलेले कण उपटून त्याच फडक्याखाली गाडीभर फिरले असते.

डिसेंबरातला रविवार धरला. सकाळी सात वाजता सुरुवात, कारण पत्रा थंड हवा आणि ऊन नको. उन्हात फवारा सुकतो, साबण सुकतो, वडी वितळल्यासारखी चिकट होते. आमच्याकडे बोअरचं पाणी, तेही जड. गाडीवर सुकलं की पांढरे वर्तुळाकार डाग. म्हणून आदल्या रात्री पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या, शेवटच्या धुण्यासाठी. घरात त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पहिलं धुणं दोन बादल्यांनी. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवरून फिरवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचं, मग पुन्हा शाम्पूत बुडवायचं. रोज पहाटे आमच्या इमारतीतल्या दहा गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्याने पुसल्या जातात. सहा वर्षं मी त्याचे महिन्याला पैसे देत होतो. चौथ्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे वाळूचा काढाच असणार. गाडी पुसणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. एका पहाटेत दहा गाड्या म्हटल्यावर तो तरी काय करणार?

मग लोखंडाचा फवारा. नाकाला रुमाल बांधा, हातमोजे घाला, असं भाच्याने बजावलं होतं. रुमाल बांधूनही वास आला, उकडून विसरलेल्या अंड्यांचा. बायको खाली आली होती, ती लगेच म्हणाली, "हा तर पार्लरचा वास!" बरोबर होतं. यात थायोग्लायकोलेट जातीचं रसायन असतं आणि केस कुरळे करण्याच्या द्रावणातही तेच कुटुंब. फवारा पारदर्शक असतो. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग एकेका ठिपक्यातून जांभळा ओघळ निघाला. एक, चार, वीस; थोड्याच वेळात डावी दारं जांभळाच्या डागांनी माखल्यासारखी दिसायला लागली. लोखंडाशी त्या रसायनाची गाठ पडली की असा रंग होतो आणि पाण्यात वाहून जातो. उजव्या बाजूला मोजून पाच-सहा ओघळ आले. सकाळच्या त्या वेळी मागून एक लोकल गेली आणि मला हसू आलं. गाडीची कुठली बाजू कुठे तोंड करून सहा वर्षं उभी होती, त्याचा नकाशाच पुढे काढून ठेवला होता.

फवारा सुकू द्यायचा नाही, चार-पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवायचा. मी डाव्या बाजूला दोनदा मारला. दुसऱ्या वेळी ओघळ कमी आले. मोठे ठिपके गेले, बारके फिके झाले. पिशवी घालून पाहिलं तर खरखर निम्म्याने उतरली होती, पण होती. चाकांच्या मागे डांबराचे काळे थेंब होते, ते त्याच्या द्रवाने फडक्यावर घेऊन काढले. इथे बरेच जण रॉकेल वापरतात. डांबर निघतं, पण तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर वडी नुसती घसरते.

आता वडी. शंभर ग्रॅमचे चार तुकडे केले. एक हातात घेतला, तर दगडासारखा कडक. डिसेंबरातली डोंबिवली फार थंड नसते, पण वडीला तेवढी पुरते. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला, मळला आणि तीन बोटांत मावेल एवढी चपटी टिकली केली. दोन फूट बाय दोन फुटांचा भाग घ्यायचा, त्यावर शाम्पूचं पाणी फवारायचं, वडीवरही फवारायचं आणि सरळ रेषेत मागेपुढे फिरवायची. गोल गोल नाही. चुकून ओरखडा उठलाच तर सरळ ओरखडा काढायला आणि लपायलाही सोपा जातो. दाब द्यायचा नाही. वडी हातातून पडणार नाही एवढीच धरायची, काम तिचं तिला करू द्यायचं.

बॉनेटने सुरुवात केली आणि पहिल्याच फेरीला आवाज आला. खर्रर्र. वाळूच्या कागदाचा नव्हे, कोरड्या पोळपाटावर भाकरीचं पीठ सरकवावं तसा. सातव्या-आठव्या फेरीला आवाज बारीक झाला, पंधराव्याला बंद पडला आणि वडी सुळकन पुढे गेली. तो भाग झाला. कळायला डोळे लागत नाहीत, हात आणि कान लागतात. वडी उलटून पाहिली तर पांढऱ्या पृष्ठभागावर करडे-तपकिरी पट्टे. रोज पुसलेल्या, आत्ताच शाम्पूने धुतलेल्या गाडीचा हा मळ! घडी घातली, मळ आत गेला, स्वच्छ बाजू वर आली. वडीची सगळी करामत या घडीत आहे. मळलेली बाजू तशीच पुढे वापरली तर उपटलेले कणच आपण रंगावर घासत असतो.

टपावर पहिली फजिती झाली. वॅगन-आर उंच, म्हणून स्टुलावर चढलो होतो. एका हातात फवाऱ्याची बाटली, दुसऱ्या हातात वडी. बाटलीला कंटाळून पाणी कमी मारायला लागलो. वडी अडकली, झटका बसला आणि टपावर पांढरट चिकट पट्टे उमटले, खोडरबर घासून ठेवल्यासारखे. घाबरून भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो हसतच सुटला. "मामा, पाणी कमी पडलंय. भरपूर फवार आणि तीच वडी हलक्या हाताने फिरव, निघेल." निघाले. आई खिडकीतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पोळपाटाला पीठ लावायला कंटाळलं की पोळी चिकटणारच." साठ वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईसमोर काय बोलणार?

शाम्पूचं पाणीही फार दाट करू नये, हे तेव्हाच कळलं. एका बाटलीला दोन-तीन थेंब पुरेत. जास्त घातलं तर फेस होतो, घसरण होत नाही. शिवाय काही साबणांनी वडीच भुसभुशीत होते. त्यासाठी वेगळा द्रव विकत मिळतो. पुढच्या वेळी मी तोच घेईन, इथे कंजूषपणा करण्यात अर्थ नाही.

काळ्या, खडबडीत प्लास्टिकवर वडी फिरवू नका. मी बंपरच्या खालच्या पट्टीवर उत्साहाने फिरवली आणि खाचांत अडकलेले पांढरे कण टूथब्रशने काढत बसलो, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एक दार झालं असतं.

खरी चूक मात्र शेवटच्या दारावर झाली. साडेअकरा वाजले होते, ऊन कुंपणावरून आत यायला लागलं होतं, भूक लागली होती. तीन तुकडे काळे पडून संपलेले, चौथा हातात. मागच्या डाव्या दाराचा खालचा भाग राहिला होता आणि ओल्या बोटांतून तुकडा निसटला, थेट पार्किंगच्या फरशीवर. वडी पडली की फेकायची. हे भाच्याने दोनदा सांगितलं होतं, खोक्यावरही छापलेलं होतं. मी ती उचलली, धुतली, वरचा थर सोलून काढला, उजेडात धरून पाहिली. स्वच्छ वाटली. एका दाराच्या तुकड्यासाठी नवी वडी कोण मागवणार?

आवाज वेगळा आला. खर्र नव्हे, चर्र. एक फेरी, फार तर दोन. थांबलो, पाणी ओतलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. वीतभर लांब चार समांतर रेघा. फरशीवरचा एखादा वाळूचा कण वडीत आत गेला असणार. वडी मऊ असते, कण तिच्यात बुडतो, वरून दिसत नाही आणि दाब पडला की पुन्हा वर येतो. सहा वर्षांत रुळांनी जेवढं केलं नव्हतं, ते मी दोन फेऱ्यांत केलं होतं. बायकोला त्या दिवशी सांगितलं नाही. तिने संध्याकाळी स्वतःच शोधून काढलं.

पुढच्या रविवारी, नवी वडी घेऊन, ते दार पुरं केलं. चार रेघांवर बारीक पॉलिश हाताने घासलं, फोमच्या तुकड्यावर घेऊन, एकेका जागी चाळीस-पन्नास वेळा. दोन गेल्या, दोन फिक्या झाल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. अजून घासलं असतं तर गेल्याही असत्या, पण तो कागदाहून पातळ थर आठवला आणि हात आवरला.

वडीनंतर रंगावर संरक्षक थर, म्हणजे वॅक्स किंवा सीलंट, लावणं भागच असतं. वडी मळाबरोबर आधीचं वॅक्सही खरवडून नेते आणि रंग उघडा पडतो. मी साधं डबीतलं वॅक्स लावलं, पातळ, नखाएवढं घेऊन अख्ख्या दाराला पुरेल असं. मग उरलेल्या स्वच्छ तुकड्याने पुढची काच केली. खरं तर हे मला कुणी आधीच सांगायला हवं होतं. वायपरची पाती दोनदा बदलूनही पावसात तो टकटक करत होता. काचेवरून वडी फिरवल्यावर पात्याचा आवाज गेला तो गेलाच. चूक पात्याची नव्हती. काचेवरही तोच भुगा, तोच चिकट थर बसला होता.

एकूण खर्च दुसऱ्या वडीसकट साडेतीन हजारांच्या आत. फवारा आणि वॅक्स निम्म्याहून जास्त उरलंय. हे दर महिन्याला करायचं काम नाही, प्रत्येक वेळी थोडा तरी थर झिजतोच. मी वर्षातून एकदा करणार, पावसाळ्यानंतर, आणि तेही पिशवी खरखरली तरच. रुळांकडची बाजू बदलावी म्हणून आता गाडी एक आठवडाआड उलट्या तोंडाने लावतो. त्यासाठी वॉचमन काकांना समजावताना नाकी नऊ आले.

मार्चमध्ये पाहिलं तेव्हा डाव्या दारावर नारिंगी ठिपके तीन होते. वॅक्सवर बसलेले. दोन नुसत्या धुण्यात निघाले, एक राहिला.

त्याच सकाळी तळमजल्यावरचे काका त्यांच्या गडद निळ्या गाडीपाशी उभे होते, उजव्या हातावर लादीपावाचं वेष्टन चढवून. "माझ्या गाडीवर एक ठिपका नाही," असं ते डिसेंबरापासून सांगत होते. त्यांनी दारावरून हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"अरे, तो पार्लरच्या वासाचा फवारा उरलाय का रे थोडा?"